सकाळी न मोजलेले फेरे

खंडेनवमीच्या सकाळी कौसल्या ढोबळेने कॅमेऱ्यापुढची फिरती झडप पुसली, तेल दिलं, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. तिच्यापाशी दुसरं हत्यार होतंच कुठलं! फुटलेल्या लघुग्रहाचे तुकडे दोन वर्षं पृथ्वीवर येऊन आदळत होते, आणि या तालुक्यात त्यांच्यावर नजर ठेवायला टेकडीवर ती एकटीच होती.

झडप म्हणजे एका पात्याची साधी चकती. सेकंदाला दहा फेरे. पातं भिंगापुढे आलं की उजेड तुटतो, म्हणून फोटोत उल्केची रेघ तुटक उमटते. तुकडे मोजले की ती किती वेळ जळली ते कळतं, आणि त्यावरून वेग. आधी बारका खडा येतो, मागून दोनेक तासांनी त्याच वाटेने, त्याच वेगाने मोठा धोंडा. तो कुठे पडणार, हे खड्यावरूनच काढायचं.

संध्याकाळी सातला खडा जळून गेला. रेघेत अठरा तुकडे, म्हणजे एक पूर्णांक आठ दशांश सेकंद. गणित टाकळवण गावावर येऊन थांबलं. तिने फोन केला आणि सरपंच ज्ञानोबा तात्यांनी तासाभरात अख्खं गाव ट्रॅक्टरांत घालून बोरखिळ्याच्या शाळेत नेलं. त्यांची सात दिवसांची बाळंतीण सूनसुद्धा.

आठ वाजता कौसल्या झडप बंद करायला गेली, तर मोटारीचा आवाज जड येत होता. तिने झाकण काढलं. बेअरिंगमध्ये तेलात कालवलेला कुंकवाचा चिखल! रोज सकाळी फेरे मोजायचा नियम होता, पण पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाही म्हणून आज तिने मोजलेच नव्हते. घाईघाईने फेरे मोजायचा मापक लावला. दहाच्या जागी आठ.

म्हणजे खडा सव्वादोन सेकंद जळला होता. वेग कमी, धोंडा टाकळवणच्या अलीकडेच पडणार. बोरखिळ्यावर.

"अगं बाई गं, मीच नेऊन बसवलं त्यांना तिथं!" ती मोठ्याने ओरडली. चाळीस मिनिटं उरली होती. तिने पुन्हा सरपंचांना फोन लावला.

"तात्या, शाळा सोडा! धोंडा तिथंच पडणार. रस्ता धरू नका, शेतातून आडवे डोंगराकडं चला. बोरखिळेकरांनाही उठवा."

"मॅडम, चेष्टा लावलीय का? आत्ता कुठं पोरं जेवायला बसलीत. मघाशी तुम्हीच इकडं धाडलंत ना?"

"चुकलं हो माझं! मोटारीत कुंकू गेलं. मीच वाहिलेलं. पाया पडते तुमच्या, उठा!"

पलीकडे ताटांचा आवाज होता, बाळ रडत होतं. मग तात्या सावकाश म्हणाले, "दुसऱ्यांदा लोक नुसत्या शब्दावर उठायचे नाहीत. एकच सांगा, म्हणजे मी त्यांना उठवतो. आता तरी फेरे मोजलेत ना?"

कौसल्याने मापकाकडे पाहिलं. आठवरचा काटा साडेआठवर सरकला होता. मोटार तापून चिखल पातळ होत होता. मग सातच्या फोटोच्या वेळी फेरे किती होते? आठ? की सात? सात असतील तर धोंडा बोरखिळ्याच्याही अलीकडे. आता कोण सांगणार! खरं सांगितलं तर एकही माणूस जागचा हलणार नाही, आणि छातीठोक हो म्हणावं तर ते खोटं.

"मॅडम, ऐकताय ना? मोजलेत का?"