किती जण?

दिवे गेले होते आणि मुलांच्या पिशव्या अर्ध्याच भरून झाल्या होत्या. पहाटे निघायचं, मित्रमंडळींबरोबर जुने बुरूज, पडक्या विहिरी बघत खेड्यापाड्यांतून चार दिवस हिंडायचं, असा बेत. आबा अंधारात आरामखुर्चीत बसून सगळं ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, कोण कुठल्या गाडीत बसणार ते ठरलंय का.

"बसू कुठेही," पुतण्या म्हणाला. "गाडीत बसायला काय मुहूर्त लागतो?"

भाची फिसकन हसली. आबा हसले नाहीत. मेणबत्ती जरा लांब सरकवायला सांगून ते बोलू लागले. गोष्ट त्यांच्या रोजच्या उठण्याबसण्यातल्या माणसाची होती. त्याचं चष्म्यांचं दुकान, म्हणून सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. चेष्टेतही खोटं न बोलणारा माणूस.

दर हिवाळ्यात चार मित्र जोडीने फिरायला जात. मास्तर, वकील, बेकरीवाला आणि हा. दोन गाड्या, आणि त्यात ज्याच्या त्याच्या जागा वर्षानुवर्षांच्या. चष्मेवाल्याची बायको गेली आणि त्याने जाणं सोडलं. मग एका वर्षी मास्तरीणबाईंनी हट्टच धरला. घरात भिंतींशी किती बोलणार भाऊजी, म्हणाल्या, आणि त्याला ओढून नेलं.

तो गेला खरा, पण आता त्याची जागा राहिली नव्हती. जोडीला जोडीने बसवावं लागतं. एकट्याला काय, कुठेही बसवता येतं. सकाळी वकिलाच्या गाडीत पुढे, चहानंतर मास्तरांच्या गाडीत सामानाशेजारी. जेवायला बसले की त्याच्यासाठी कोपऱ्यातली खुर्ची ओढून आणायची, टेबलाच्या टोकाला लावायची. कुणाच्या मनात काडीचं वाईट नव्हतं, आणि त्यानेच जास्त लागायचं. सगळ्यांचे फोटो तोच काढायचा, त्यामुळे एकाही फोटोत तो नसायचा.

शनिवार होता, अमावास्येचा आदला दिवस. उन्हं कलली तेव्हा मंडळी माळावरच्या जुन्या दगडी सराईत पोचली. पूर्वीचे वाटसरू तिथे मुक्काम करत. मधे मोठं अंगण, चारी बाजूंनी दोन मजली खोल्या, आणि आत यायला एकच दरवाजा. हत्ती आत जाईल एवढा. तिथल्या माहिती सांगणाऱ्याने सांगितलं, की दिवेलागणीला दारवान कंदील घेऊन खोलीखोलीपाशी जायचा, आत माणसं किती ते विचारायचा आणि मगच दार लावायचा. बेकरीवाला म्हणाला, बरं झालं, तेव्हा आपली बायको असती तर दारवानाला अर्धा तास बोलत उभं केलं असतं. सगळे हसले.

निघताना मास्तरीणबाईंच्या लक्षात आलं, चष्मा वरच्या मजल्यावर राहिला.

"तुम्ही बसा, मी आणतो," चष्मेवाला म्हणाला. चष्मा त्याच्याच हातचा होता, त्यालाच लगेच दिसला असता. कोट वकिलाच्या गाडीतल्या सीटवर टाकून तो परत आत गेला. फोन कोटाच्या खिशात.

एवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. रस्ता अरुंद, गाड्या हलवाव्याच लागल्या. मास्तरांना वाटलं, तो वकिलाच्या गाडीत चढला. वकिलाला वाटलं, मास्तरांच्या. मास्तरीणबाईंनी मान वळवून मागच्या गाडीकडे बघितलंही, पण डोळ्यांवर चष्मा नव्हता. सीटवरचा कोट त्यांना माणसासारखाच दिसला.

आणि तो सापडलेला चष्मा रुमालाने पुसत वरच्या खोलीत उभा होता. गाड्यांचे आवाज लांब गेले. मग खाली लाकूड करकरलं, साखळी वाजली, आणि चौकीदाराची सायकल उताराला लागली. तो धावत उतरला, हाका मारल्या, दार बडवलं. बाहेरून नुसता वारा.

वळतील की आता, म्हणत तो दाराशी बसला. उजेड गेला. मोजतील, आपण नाही हे दिसेल, वळतील. चांदण्या आल्या. कुणी वळलं नाही. थंडीने हातपाय आखडले, तेव्हा तो दाराजवळची पहिली खोली सोडून आतल्या एका खोलीत गेला आणि भिंतीला टेकला. भीती अजून वाटत नव्हती. वाटत होतं ते निराळंच. की त्यांना अजून कळलंच नसेल. की जेवण उरकलं असेल, खुर्ची ओढायचं कुणाला आठवलंही नसेल.

त्याला डुलकी लागली असावी. जाग आली ती पावलांनी.

दाराकडून येत होती. सावकाश. त्याला हायसं वाटलं, चौकीदार आला. उठून हाक मारणार, तेवढ्यात पावलं पहिल्या खोलीपाशी थांबली. म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी विचारलं,

"किती जण?"

ती खोली रिकामी होती. त्याने स्वतः पाहिली होती.

आतून उत्तर आलं. हळू, झोपेतल्यासारखं.

"पाच."

पावलं पुढे सरकली. भिंतीवर पिवळा उजेड हलला.

"किती जण?"

"आम्ही दोघं… आणि लेकरू."

पुढची खोली. मग त्याच्या पुढची. प्रत्येक खोलीतून कुणीतरी बोलत होतं. प्रत्येकाला आपलं माणूस होतं.

मग पावलं त्याच्या दाराशी आली.

थांबली.

उजेड उंबरठ्यापर्यंत. त्याच्या अलीकडे नाही. त्यामागे कोण… दिसत नव्हतं.

"किती जण?"

त्याला वाटलं, सांगून टाकावं, एकटाच. खरं तेच तर होतं. आणि आबा म्हणाले, तो मला पुढे सांगायचा, भीतीपेक्षा मोह मोठा होता रे. दिवसभरात मला कुणी मोजलं नव्हतं. हा विचारत होता. एक शब्द बोललो असतो तर त्याच्या मोजणीत आलो असतो, कायमचा.

ओठ उघडले सुद्धा.

आणि बायको आठवली. दुकान बंद करून यायला त्याला कितीही उशीर होवो, तिने कधी कडी लावली नाही. देवापुढे दिवा लावून बसून राहायची. शेजारीण म्हणायची, अगं, लाव की दार. ती म्हणायची, माझं माणूस यायचंय. येणार की नाही याचा तिला प्रश्नच नसे.

त्याने डोळे मिटले. देवाचं नाव घेतलं.

"माझी माणसं… यायची आहेत."

वारासुद्धा थांबला.

मग तो म्हातारा आवाज, अगदी जवळून.

"बरं. मग दार उघडं ठेवतो."

पावलं गेली. उजेड गेला. दाराकडे काहीतरी जड सरकल्याचा आवाज झाला. एकदा. पुन्हा एकदा. नंतर काही नाही.

मध्यरात्र उलटून गेल्यावर माळावर दिवे दिसले. दोन्ही गाड्या. मुक्कामाच्या गावी मास्तर पुढे पोचले होते, वाटेत चाक बसलं म्हणून वकील फार मागाहून आले, आणि ताटं मांडताना मास्तरीणबाईंनी विचारलं, भाऊजी कुठायत? तिथून तसेच उपाशी फिरले सगळे. खालच्या गावातून चौकीदाराला उठवून, गाडीत घालून आणलं. मास्तरीणबाई धावत अंगणात आल्या. ठेचकाळल्या, उठल्या, आणि अंधारात त्याचा हात धरून रडू लागल्या. त्याने रुमालात जपलेला चष्मा काढून त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

"बघा नीट," तो म्हणाला. "मीच आहे."

मास्तर मान खाली घालून म्हणाले, उद्यापासून तू पुढे बसायचंस, माझ्या शेजारी. रोज. ही मागे बसेल.

चौकीदार मात्र आत आलाच नाही. तो दाराशी किल्ली हातात धरून उभा होता. त्याने लावलेलं कुलूप तसंच बंद होतं, साखळी शाबूत, एका फळीच्या कडीला लोंबकळत. आणि दार सताड उघडं. वकिलाने बॅटरी खाली धरली. दोन्ही फळ्यांना आतून एकेक मोठा दगड लावलेला. यायचं माणूस वाटेत असलं की वाऱ्याने दार आपटू नये म्हणून आपण लावतो, तसा. वकील आणि बेकरीवाला, दोघांनी मिळून एका दगडाला खांदा लावला.

दगड तसूभरही हलला नाही.