लाल बाक हलवला कुणी?

"प्रश्न्या, हात आत घे! मासे बोटं खातील!" प्रोफेसर ओरडला.

"कुठले मासे? केवढे? त्यांना दात असतात?" प्रश्न्यानं हात आत घेतला खरा, पण प्रश्न काही आवरले नाहीत.

भिंगरीला हसू फुटलं. प्रश्न्या तिचा धाकटा भाऊ, तर प्रोफेसर हा तिचा चुलतभाऊ, काकांचा मुलगा. चष्मा आणि सल्ले, दोन्ही त्याच्याकडे कायम तयार! प्रवासी जहाज मागे खोल पाण्यात नांगर टाकून उभं होतं आणि गावातला नावाडी सगळ्यांना मोटरबोटीनं किनाऱ्यावर नेत होता. आई-बाबा होते, गळ्यात कॅमेरा अडकवलेले काका होते, काकांनी जहाजावर जमवलेले दोस्तही होते. नव्हती फक्त आजी. तिला सकाळपासून गरगरत होतं, म्हणून ती दुपारच्या फेरीनं येणार होती.

ही सफर खरं तर आजीसाठीच होती. आजारपणाचं अख्खं वर्ष तिनं खिडकीपाशी काढलं होतं. "बरी झाले की समुद्राकाठच्या एखाद्या गावात नुसतं बसून राहायचंय गं," असं ती भिंगरीला सारखं सांगायची. तेव्हा गावात पाऊल टाकल्याबरोबर आजीसाठी बसायला झकास जागा शोधायची, असं भिंगरीनं मनाशी पक्कं केलं होतं.

"नावाडीकाका, तुम्ही पाण्याकडे बघतच नाही!" प्रश्न्यानं नवा प्रश्न काढला. "सारखं वर काय बघता?"

भिंगरीनंही वर पाहिलं. टेकडीच्या माथ्यावर एक पांढरं धुराडं होतं आणि बरोबर त्याच्याखाली, उतारावर, लालभडक रंगाचा एक बाक.

"पाणी काय सांगणार, बाळा?" नावाडी हसला. "आत्ता भरती आहे, कुणीही बोट आणेल. दुपारी ओहोटी लागली की खडक वर येतात. मग माझी सगळी भिस्त वरच्यांवर!"

त्यानं नुसती हनुवटी वर केली. काका लगेच हात जोडून आभाळाकडे बघायला लागले.

गाव तर असं देखणं होतं की कुठे बघू आणि कुठे नको! उतरत्या गल्ल्या, निळ्या खिडक्या, दारात वाळत घातलेली जाळी. दोरखंड वळणाऱ्या एका बाईनं प्रश्न्याच्या हातात दोरीचं टोक दिलं आणि तिच्यावरच प्रश्नांचा पाऊस पडला. जेवणं झाल्यावर काका दोस्तांना घेऊन फोटो काढायला टेकडीवर गेले. थोड्या वेळानं ही तिघं मुलंही निघाली. आजीची जागा भिंगरीनं बोटीतूनच हेरून ठेवली होती. तो लाल बाक!

पण वर पोचली तर काय, बाक गायब!

"अगं, इथेच होता ना?" प्रोफेसरनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हिरव्यागार गवतात पिवळ्या पडलेल्या गवताचा एक लांबट चौकोन होता आणि त्याच्या कोपऱ्यांत पायांचे चार खड्डे.

"वर्षानुवर्षं हललेला नाही तो," भिंगरी पुटपुटली. "मग आजच कुणी हलवला?"

"बाकाला पाय असतात, पण तो चालतो का?" प्रश्न्यानं विचारलं.

तेवढ्यात झुडपांपलीकडून हसण्याचा गडगडाट झाला. तिघं धावली. उताराच्या दुसऱ्या कडेला लाल बाक होता, आणि त्यावर काका आपल्या दोस्तांसकट ऐसपैस बसले होते!

"या या! मागे अख्खं जहाज येतंय फोटोत. घाम गाळून आणलाय बाक इथवर!"

भिंगरीनं खाली समुद्राकडे पाहिलं. ओहोटीनं पाणी पार उतरलं होतं आणि काळे खडक डोकं वर काढून बसले होते. जहाजाकडून मोटरबोट येत होती. पण ती सकाळच्या वाटेनं येत नव्हती! तिचं तोंड सरळ फेसाळणाऱ्या खडकांकडे होतं.

भिंगरीनं प्रोफेसरचा दंड धरला. "प्रोफेसर! 'वरच्यांवर' म्हणजे देव नाही रे! धुराडं आणि बाक! दोन्ही एका रेषेत धरून ते बोट आणतात. बाक सरकला तशी वाटही सरकली! आणि बोटीत आजी आहे!"

"बाबा, उठा!" प्रोफेसर किंचाळला. "बाक जागेवर ठेवा, बोट खडकावर जाईल!"

"काहीतरीच! नावाड्याला समुद्र शिकवणार का तुम्ही? आधी फोटो!" काका जागचे हलेनात. दोस्तही खो खो हसले.

समजावत बसायला वेळ कुणाला होता? भिंगरीनं काकांच्या हातातला कॅमेरा घेतला, डोळ्याला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"काका, रागावू नका हं, पण इथे उजेडात नुसतं तुमचं टक्कल चमकतंय. जहाज दिसतच नाही! त्या पिवळ्या चौकोनावर बसलात ना, तर काय रुबाब दिसेल!"

"टक्कल?" काका ताडकन उठले. "उचला रे बाक! चला, पटापट!"

मोठी माणसं धापा टाकत बाक घेऊन निघाली. मुलांनीही खांदे लावले. "डावीकडे! अजून थोडा! खड्ड्यात पाय बसू दे!" प्रोफेसर ओरडत होता. धप्प! चारी पाय आपापल्या खड्ड्यांत बसले.

खाली बोटीचा वेग एकदम कमी झाला. क्षणभर ती तिथेच हेलकावत राहिली. मग बोटीनं हळूच तोंड वळवलं आणि खडकांना बाजूला ठेवून ती संथपणे धक्क्याकडे आली.

काकांनी बोट पाहिली, खडक पाहिले, बाक पाहिला आणि ते मटकन गवतावर बसले. फोटोचं नावही त्यांनी काढलं नाही.

सगळे धावत धक्क्यावर गेले. "किती अलगद आणलंत हो!" आजी नावाड्याला म्हणत होती.

"अलगद? मला वाटलं, माझे डोळे फिरले! बाक आपला चालतोय टेकडीवरून!"

काका पुढे झाले. "चूक माझी होती. माफ करा. बाक मी हलवला, आणि या पोरांनी तो परत जागेवर आणला. मी ऐकत नव्हतो, तरी आणला."

नावाड्यानं तिघांकडे पाहिलं. "आमच्या गावात तो बाक कुणी हलवत नाही, म्हणून तो जमिनीत पुरायचं कधी सुचलंच नाही. आज तुम्ही होतात म्हणून निभावलं, बाळांनो." आजीनं तिघांना जवळ ओढलं.

मग काकांच्या हाताला धरून, थांबत थांबत, आजी टेकडी चढली आणि लाल बाकावर बसली. समोर सगळा समुद्र पसरला होता.

"हेच गं, हेच मागत होते मी," ती भिंगरीला म्हणाली. "आणि तुझ्यामुळे मिळालं."

भिंगरीचे डोळे भरून आले. आजी इथे, तिच्या शेजारी, हसत बसली होती. आणखी काय हवं होतं?

"ऊन लागतंय ना तुम्हाला? बाक जरा सावलीत घेऊ या का?" आईनं विचारलं.

"नाही!" सगळे एकदम ओरडले. काका तर सगळ्यांत मोठ्यानं!

काकांनी धावत जाऊन छत्री आणली आणि संध्याकाळपर्यंत ती आजीच्या डोक्यावर धरून ते उभे राहिले. नावाडी पुढच्या फेरीला निघाला होता. त्यानं बोटीतून वर बघून हात हलवला, तेव्हा आजीनंही बसल्या बसल्या हात उंच केला.