फणीचे दात

डॉ. कमलाकांत देवपुजारींचा अकोल्यात डोळ्यांचा दवाखाना होता, आणि लहान मुलांच्या डोळ्यांसाठी लोक थेट धारणीहूनही त्यांच्याकडे येत. एरवी माणूस खडूस. पण पोरांशी खेळायला बसला की ओळखू येत नसे. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी त्यांनी सुताराकडून तीन दातांची लाकडी फणी करून घेतली होती. लांब उभं राहून ती उलटीसुलटी फिरवायची आणि दात ज्या बाजूला असतील तिकडे पोरानं हात करायचा. खेळता खेळता नजर कळे.

१९५९ साली, कापसाची वेचणी चालू असताना, बाळापूरकडच्या देवमननं आपल्या जमुनाला आणलं. सहा वर्षांची पोर. शेतात पडली आणि पऱ्हाटीची, कपाशीच्या झाडाची, टोकदार काडी उजव्या डोळ्यात घुसली. डावा जन्मापासून तिरळा. फुटलेला डोळा ठेवला तर त्याच्यापायी दुसराही जाण्याची धास्ती. काढला तर सगळी भिस्त तिरळ्यावर, आणि असले डोळे बहुधा नावापुरतेच असतात. उजव्यात तर थोडी नजर अजून शिल्लक होती. डावा पाहत असेल तरच उजवा काढायचा, असं त्यांनी देवमनला आणि त्याच्या बायकोला, मैनाबाईला, नीट समजावून सांगितलं.

उजव्यावर पट्टी बांधून त्यांनी फणी धरली. जमुनानं हात वर केला. बरोबर. फणी फिरवली, हात खाली. बरोबर. डॉक्टर मागे सरकत भिंतीला टेकले, फणी बदलून तशीच लहान घेतली, तरी पोर एकदाही चुकली नाही. तिरळ्या डोळ्याची इतकी लख्ख नजर त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. एकच गोष्ट खटकली. ती फणीकडे पाहतच नव्हती. डॉक्टरांच्या खांद्यावरून मागे कुठंतरी पाहत होती. तिरळ्याचं असंच असायचं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी उजवा डोळा काढला.

जखम छान भरली. घरी जायच्या सकाळी डॉक्टर खाटेसमोर उभे राहून शेजारी उभ्या मैनाबाईला औषध कसं घालायचं ते सांगत होते. हात पाठीशी बांधलेले, हातात सवयीनं फणी. बोलता बोलता ती बोटांत फिरत होती. खाटेवर जमुनाचा हात वर जाई, खाली येई, बाजूला वळे.

हा कोणता नवा खेळ, असं डॉक्टरांनी हसत विचारलं.

"तुमच्या पाठीमांगच्या फणीचे दात दाखवून राहिली न जी," मैनाबाई कौतुकानं म्हणाली.

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी फणी कोटाच्या आत धरली. जमुनाचा हात बरोबर तिकडेच गेला. मग त्यांनी एक बोट झपकन तिच्या डाव्या डोळ्यापाशी नेलं.

पापणी लवली नाही.

"जमुना, तुला काय दिसतं?"

"उजेड दिसते. अन् बाई दिसते."

"कोण बाई?"

"तुमच्या मांगं उभी रायते थे. हातानं दाखवते."

खाटेपाशी बसलेला देवमन डॉक्टरांच्या मागे पाहत राहिला. तिथं नुकताच चुना दिलेली भिंत होती. डॉक्टरांना आधी भीती वाटलीच नाही. आपण या पोरीचा पाहता डोळा काढून टाकला, एवढंच त्यांना कळलं.

"आमाले काहून नाई सांगतलं, माय?" मैनाबाईनं कसंबसं विचारलं.

"बाई म्हणे, सांगू नको."

काहीतरी कारण असणारच, डॉक्टर स्वतःला बजावत होते. त्यांनी फणी कोटाच्या खिशात सरकवली आणि दात वर येतील अशी मुठीत गच्च धरली.

जमुनानं हात खाली केला.

चुकली! डॉक्टरांना इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मूठ तशीच बाहेर काढली.

दात खाली होते.

"तुमचा हात धरून राहिली थे," जमुना शांतपणे म्हणाली. "डोळा काढला तवाबी असाच धरला होता."

डोळा काढला तेव्हा जमुना क्लोरोफॉर्मच्या गाढ झोपेत होती.