दोन छोटे, एक लांब

मोटारसायकलची बॅटरी बदलायला जालन्याला जायचं, एवढंच काम होतं. पण रामकिसन खरात त्या दिवशी असा घाईत होता, की पाहणाऱ्याला वाटावं गडी लग्नाला निघाला. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली होती. त्याच्या बायकोनं, बेबीनंदानं, ती हसत हसत सोडली आणि पुन्हा नीट लावून दिली. तिचे दिवस भरत आले होते.

"नर्सबाई नेमक्या रजेवर गेल्या," तो म्हणाला. "काही झालंच तर कुणाला तरी आणायला पळावं लागेल. बिनदिव्याच्या गाडीवर कसा पळू?"

"झालं का पुन्हा सुरू? अजून आठ दिस हायेत," बेबीनंदा म्हणाली. "जा, पण जल्दी या."

जूनमध्ये तो बदली होऊन हसनाबादच्या शाळेत आला होता. गावाच्या अगदी अलीकडच्या, जालन्याकडच्या टोकाला, रस्त्याकडे तोंड करून असलेलं घर त्याला भाड्यानं मिळालं होतं. गाडी त्यानं जालन्यातल्या एका दलालाकडून जुनीच घेतली होती. इंजिन चांगलं होतं, बॅटरी मात्र पार थकलेली. किल्ली फिरवली की दिवा विझत्या निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. हॉर्न दाबला तर आत कुणी तरी घसा खाकरल्यासारखा आवाज यायचा, बस्. त्या गाडीचा खरा हॉर्न त्यानं कधी ऐकलाच नव्हता.

नवीन जालन्यात, स्टेशनकडच्या रस्त्याला याकूबचं बॅटरीचं दुकान होतं. आत आम्लाचा झणझणीत वास. याकूबनं गाडीचं बाजूचं झाकण काढलं, पट्टा सोडवला आणि जुनी बॅटरी बाहेर ओढली. तिच्या तारांच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार चढला होता. ती उजेडाकडे धरून पाहताच याकूब चमकला.

"अरे! ही तर माझ्याच हातची. हा लाल टिपका मीच मारतो. फकरोद्दीनभाईची गाडी ना ही?"

"असेल. मी दलालाकडून घेतली."

"त्यांचीच हाय! त्यांची बहीण अकबरबी, दाई. तुमच्या पट्ट्यातली निम्मी लेकरं तिच्या हातची. कुणाला कळा आल्या की भाई गाडी काढायचे. हसनाबादच्या अलीकडं फाटा हाय ना, तिथं एकटंच घर हाय तिचं. घरासमोर हॉर्न मारायचा. दोनदा छोटा, एकदा लांब. थैली घेऊन अकबरबी भायेर! काम झाल्यावर परत न्यायला गेले तरी हाच हॉर्न. दुसऱ्या कुणाच्या हाकेला उठायची न्हाई ती."

रामकिसनला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जी काळजी आठवडाभर त्याला पोखरत होती, तिच्यावरचा उपाय त्याच्याच गाडीत लपून बसला होता!

"अजून असतात त्या तिथं?"

"असंल की. जाती कुठं? दोन वर्सं झाली, भाईची भेट न्हाई माझी." याकूबनं आदल्या दिवशीच भरून, चार्ज करून ठेवलेली नवी बॅटरी बसवली, तारा आवळल्या, त्यांना ग्रीस लावलं. "हां गुरुजी, दाबा आता."

रामकिसननं हॉर्न दाबला. असा खणखणीत वाजला, की समोरच्या हॉटेलातला माणूस कपबशी घेऊन बाहेर आला. "गुरुजी, बहिरं करता का?" तो ओरडला. रामकिसन लहान पोरासारखा हसला आणि पुन्हा एकदा दाबला.

परतताना दिवस मावळला. ज्वारीची शेतं काळी पडली. त्यानं दिवा लावला तर रस्ता पांढराशुभ्र झाला, खड्डान् खड्डा दिसायला लागला. त्याला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

फाट्यावर ते एकटं घर दिसलं. दार बंद होतं. शेजारी दुष्काळाच्या साली कामावरच्या लोकांनी खोदलेली विहीर, बिनकठड्याची. ओळख करून ठेवावी, म्हणून त्यानं गाडी थांबवली आणि हॉर्न मारला.

दोनदा छोटा. एकदा लांब.

आवाज शेतावरून लांब गेला आणि किडे एकदम गप्प झाले. दार उघडल्याचं काही त्याला ऐकू आलं नाही. पण विहिरीच्या अंगाला अंधार हलला, आणि पांढरी ओढणी घेतलेली एक म्हातारी थैली सांभाळत दिव्याच्या उजेडात आली.

"उशीर केलास बेटा..."

"अकबरबी ना? तसं नाही, मी नुसतं..."

"चल. कळा सुरू झाल्या." ती मागं बसली. गाडीच्या स्प्रिंगा करकरत खाली गेल्या. एवढीशी म्हातारी, आणि एवढं वजन! शेवाळाचा ओला वास त्याच्या नाकाशी आला. पण 'कळा सुरू झाल्या' या शब्दांनी त्याचं डोकं फिरलं होतं. हिला कसं कळलं, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. त्यानं गाडी भन्नाट सोडली.

घराच्या दारात त्याची आई, कांताबाई, कंदील घेऊन उभीच होती. "आलास रे माझ्या राजा! आत्ताच सुरू झाल्या कळा... ही कोण? दाई? बरं झालं गं माय!"

मग तो अंगणात येरझारा घालत राहिला. आतून बेबीनंदाचं कण्हणं, आईची लगबग, आणि त्या म्हातारीचा हळू आवाज, "हां बेटी... हां..." आणि मग एक बारीक, चिरका टाहो. रामकिसननं आनंदानं गाडीच्या सीटवर थाप मारली.

"पोरगी!" आई बाहेर येऊन म्हणाली. "बेबी बराबर हाय. लई हुशार बाई आणलीस रे. फकस्त हात... ऊन पाण्यात बुडवले तरी गारच तिचे."

"मला बघू दे पोरगी!"

"त्या कंदिलात काय दिसणार? आधी दाईला सोडून ये. आन् ऐक, बाळंतिणीचं घर हाय. अंधारात कुणी किती बी हाका मारू दे, मी दार उघडणार न्हाई."

"आई, अगं मीच असलो तरी?"

"तुझ्या आवाजात बी हाक मारता येती म्हंतेत."

तो मोठ्यानं हसला. "मग हॉर्न मारतो. दोनदा छोटा, एकदा लांब. मग तर उघडशील?"

"हां. हॉर्न कोण काढंल तोंडानं?" आईही हसली. "पोरीला घेऊनच दारात येते. तुझ्या नव्या लाइटात बघ तिचं तोंड."

अकबरबी पायरीवर बसली होती. "सोडशील ना बेटा? एकटीला जाऊ देऊ नको..."

"म्हणजे काय! चला."

फाट्यावर त्या घराचं दार आता सताड उघडं होतं. चिमणीचा दिवा घेऊन एक म्हातारा बाहेर उभा होता. त्यानं रामकिसनकडे पाहिलंच नाही. तो पाहत होता मागच्या सीटकडे.

"आपा... उतरा. घर आलं."

स्प्रिंगा करकरत वर आल्या. रामकिसननं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. सीट ओली होती, आणि तिला शेवाळाचा एक हिरवा धागा चिकटला होता.

म्हाताऱ्यानं चिमणी खाली ठेवली, त्याला धरून गाडीवरून उतरवलं आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"मी फकरोद्दीन. तिचा भाऊ. सांजच्याला हॉर्न ऐकला आन् दार उघडायची हिंमत झाली न्हाई. मंग तुम्ही तिला घेऊन जाताना फटीतून बघितलं. तवापासून इथंच उभा हाय. भिऊ नका, आपानं कुणाचं वाईट केलं न्हाई कधी."

"पण त्या... कधी..."

"दोन वर्सं झाली. गावात एका घरी बाळंतपण करायला तिला सोडलं होतं. आणायला निघालो तर बॅटरी बसलेली. दिवा न्हाई, हॉर्न न्हाई. गाडी ढकलत चाललो होतो. त्या घरचे लोक म्हंतेत, तुझा हॉर्न ऐकला म्हणून ती उठून गेली. ह्या विहिरीकडून येत होता म्हणे आवाज. ती आवाजामागं चालत गेली, अंधारात..." त्यानं रामकिसनचे हात घट्ट धरले. "म्या वाजवलाच न्हवता, बेटा. वाजतच न्हवता तो."

"मग... कोणी वाजवला?"

फकरोद्दीननं विहिरीकडे पाहिलं.

आणि हॉर्न वाजला.

दोन छोटे. एक लांब.

रामकिसननं खाली पाहिलं. त्याचे दोन्ही हात अजून म्हाताऱ्याच्या हातात होते. गाडी गप्प उभी होती. आवाज हसनाबादकडून आला होता. आणि तिकडे, गावाच्या अलीकडच्या टोकाला, दार उघडल्यावर पडतो तसा उजेडाचा एक उभा पट्टा दिसला.