समोर असून न दिसणारी अंडी

काल दुपारी चैत्रालीने टिटवीची चार अंडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आज त्याच माळावर तासभर पायपीट करूनही तिला त्यांतले एकही दिसेना. अंड्यांना काही पाय फुटत नाहीत. मग ती गेली कुठे?

प्रश्न गमतीचा नव्हता. माळावर सौरपट्ट्या (उन्हापासून वीज तयार करणारी तावदाने) बसवायचे काम चालू होते आणि जमीन चोपायला एक भलाथोरला यंत्रमानव आणला होता. चैत्रालीने त्याचे नाव सपाट्या ठेवले होते. वाटेत जिवंत काही दिसले की तो आपोआप थांबे. पण अंडी त्याच्याही कॅमेऱ्यांना दिसत नव्हती. उद्या सकाळी उरलेला पट्टा सपाट्याखाली जाणार होता. चैत्रालीची आई या कामावरची अभियंता. तिने साफ सांगितले होते, की घरटे नेमके कुठे आहे ते दाखव, तेवढी जागा मी वगळते; पण इथेच कुठेतरी आहे म्हणून सगळा माळ सोडता येणार नाही.

रडकुंडीला आलेली चैत्राली आबांकडे गेली. आबा म्हणजे आईचे वडील. सैन्यासाठी छद्मावरण (आजूबाजूच्या रंगारूपात मिसळून लपायची युक्ती) तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांची सारी नोकरी झाली होती.

"शोधलंस कुठे?" त्यांनी विचारले.

"टिटवी जिथे सगळ्यात जास्त ओरडत होती तिथे."

आबांना हसू आवरेना. "तिनं तुला मामा बनवलं गं. ती घरट्यापासून लांब जाऊनच ओरडते. सैन्यंसुद्धा रबराचे खोटे रणगाडे फुगवून शत्रूला असंच भलतीकडे नेत."

मग ते खुलले. पूर्वी कित्येक सैनिक लालभडक कोट घालून लढत. बंदुकांच्या धुरात आपला माणूस ओळखू यावा म्हणून. पुढे बंदुकांचा पल्ला वाढला, धूर कमी झाला आणि तोच कोट जिवावर बेतू लागला. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर तर पांढरे कपडे चिखलात आणि चहाच्या पाण्यात बुडवून मातकट केले गेले. तीच खाकी. पण नुसता रंग पुरत नाही, कारण डोळा आधी वस्तूचा काठ शोधतो. म्हणून गणवेशावर वेडेवाकडे डाग आले. टिटवीच्या अंड्यांवरचे काळे ठिपके हेच करतात, अंड्याचा गोल काठ मोडून टाकतात. कुणी शिकवले असेल त्या पाखराला, या विचाराने चैत्राली थक्क झाली.

पहिल्या महायुद्धात जहाजांवर आडवेतिडवे पट्टे रंगवले होते, हे ऐकून तर तिला खरेच वाटेना. असे जहाज लपणार कसे? आबा म्हणाले, लपवायचे नव्हतेच. ते कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चालले आहे, याचा पाणबुडीवाल्यांचा अंदाज चुकवायचा होता.

"मग उपयोग झाला?"

"पक्कं सांगता येत नाही. अभ्यासकांचा त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. पण एक ध्यानात ठेव. जो लपतो, तो कुणाच्यातरी नजरेपासून लपतो. नजर बदलली, की त्याचं लपणं संपतं."

चैत्राली विचार करू लागली. सपाट्याला एक उष्णतेचा डोळाही होता. तो अवरक्त किरण (उबदार वस्तूंतून निघणारे, आपल्याला न दिसणारे किरण) टिपत असे. मग त्यालाही अंडी कशी दिसली नाहीत? तिने अंगणातल्या, दुपारच्या उन्हाने तापलेल्या मातीला हात लावला आणि चटका बसताच तिची ट्यूब पेटली. जमीन आणि अंडी दोन्ही गरम! फरकच नाही, तर दिसणार काय?

"आबा, पहाटे बघायचं. माती गार असेल, पण अंडी टिटवीच्या पोटाखाली उबदार असतील."

आबांनी नुसती तिची पाठ थोपटली.

पहाटे आबा आणि चैत्रालीसमोर आईने सपाट्याला पट्ट्याच्या कडेला उभे केले. उष्णतेच्या डोळ्याच्या पडद्यावर सगळा माळ काळानिळा दिसत होता. मधेच एक फिकट ठिपका हलला. टिटवी उठून चार पावले गेली आणि तिच्या जागी चार शुभ्र थेंब चमकू लागले. आईने पडद्यावर त्या जागेभोवती मोठे कडे आखले. मग म्हणाली, की यापुढे प्रत्येक माळावर सपाट्या आधी पहाटे कडेकडेने फेरी मारेल आणि मगच कामाला लागेल.

चैत्राली दबकत त्या जागेपाशी गेली. दोन पावलांवरून पाहूनही तिला फक्त खडे दिसले. आबांनी बोट दाखवले तेव्हा कुठे त्या खड्यांतून अंडी उमटली. त्यांच्यापासून वीतभर अंतरावर मातीत तिच्याच बुटाचा कालचा ठसा होता.

ती कितीतरी वेळ त्या ठशाकडे आणि अंड्यांकडे पाहत राहिली. मग परत फिरली, आणि येताना जिथे जिथे पाऊल टाकले होते, नेमके तिथेच पाऊल टाकत माळाबाहेर आली.