सुळ्यावरचा बदली गडी

"दाताची डॉक्टर म्हणे! दात उपटता येतात म्हणून दोर सांभाळता येतो होय? आणि मी आपला सुट्टीचा दिवस घालवून…"

कुरकुर दगडाच्या पलीकडून येत होती. अलीकडे, त्याच दगडाला पाठ टेकून, दाताची डॉक्टर बुटाची नाडी बांधत बसली होती. मध्ये हातभर दगड. नाडी तशीच बोटात धरून ती ऐकत राहिली. माणूस एकटाच होता आणि स्वतःशीच भांडत होता.

"दादांना नाही म्हणता आलं नाही, दुसरं काय…"

"उपटायचंच म्हणाल तर मी भूल देऊन उपटते," दगडाला वळसा घालून ती पुढे आली. "तुम्ही काय करता?"

तो ताडकन उभा राहिला. मांडीवरचा, दोर अडकवायच्या लोखंडी कड्यांचा झुबका खणखणत खाली पडला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने ते टिपलं. माणसाचं तोंड बघणं हा तिचा धंदाच होता.

"मी… लिफ्ट दुरुस्त करतो."

"म्हणजे लोकांना उभ्या उभ्या वर नेता. आणि स्वतः?"

"स्वतः हातापायांनी. लिफ्ट आतून बघितलीय ना मी!"

तिला हसू आवरेना. म्हटलं तर एवढंच झालं होतं. पण त्या दिवशी तिने नाडीची गाठ उलटी मारली आणि ते तिला घरी गेल्यावर कळलं.

तो आला होता बदलीवर. तिचा खरा जोडीदार म्हणजे तिचा दादा. शाळेत असल्यापासून ही भावंडं एका दोराला बांधलेली. एवढे कडे पालथे घातले, पण दादाचा गुडघा निकामी झाला तो घरात, वहिनीसाठी पडदा लावताना स्टुलावरून पडून! ऑपरेशन झालं, काठी आली, आणि घरात एक वाक्य कायमचं मुक्कामाला आलं – 'दादा बरा झाला की…' आई म्हणायची, वहिनी म्हणायची, सगळ्यांत मोठ्याने दादा म्हणायचा. त्याची काठी मात्र कोपऱ्यात जायचं नाव घेत नव्हती. तिकडे कुणी बघायचं नाही.

"अहो, जरा दोर सैल करता का?" पहिल्याच चढाईत ती वरून ओरडली होती.

"बाई, एवढं बोलेपर्यंत माणूस पडून पुन्हा उठेल! दोरावर अहो-जाहो नको. 'सैल' म्हण, 'ताण' म्हण, संपलं."

"मग तूही मला बाई म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"सध्या… काही म्हणू नकोस, नुसतं सैल कर. मला खाली यायचंय."

तर अशी सुरुवात. पुढे दर सुट्टीला ती दोघं कड्यावर. त्याच्या बोटांना वंगणाचा वास, तिच्या बोटांना लवंगेच्या तेलाचा. डब्यातली शेवटची वडी कुणी खायची यावर कड्यापेक्षा जास्त वेळ जायचा. आणि निघताना दोघंही न चुकता म्हणायची, "दादा बरा होईपर्यंत." जणू जीभ भाजू नये म्हणून फुंकर घालावी, तसं.

आता हा सुळा. कड्याचं टोक कुत्र्याच्या सुळ्यासारखं आभाळात घुसलेलं, म्हणून चढणारे त्याला सुळा म्हणत. पाच टप्प्यांची उभी चढाई. दगडात दोर अडकवायला खिळे ठोकलेले नाहीत. फटीत सारला की आतून फाकून घट्ट बसतो तो कॅम; पुढच्याने तो बसवत जायचं, मागच्याने काढत यायचं. वर गेलं की मागे दगड कोरा. सुळा चढायचं स्वप्न मुळात दादाचं. म्हणून या दोघांनी एक न बोललेला करार केला होता – चौथ्या टप्प्याच्या कपारीपर्यंत जायचं, सँडविच खायचं आणि दोराने खाली उतरायचं. पाचवा टप्पा दादाचा. त्यावरच्या रुंद फटीत बसणारा मोठा कॅमही दादाचाच. तो घरी कपाटात, मुठीला वहिनीच्या निळ्या रिबिनीची चिंधी बांधून, पडलेला असायचा. त्याला कुणी हात लावत नसे.

आज हवा कशी लख्ख होती! खाली मोटारीजवळ घडीच्या खुर्चीत दादा, गळ्यात दुर्बीण, हातात वॉकीटॉकी. तिसरा टप्पा तिने असा काही चढून काढला की दादा खालून खरखरला, "चिमणे, पंख लावून आलीस काय!"

चौथ्यावर तो पुढे. हा टप्पा आडवा – भिंतीला गाल लावून, बोटभर कंगोऱ्यावर पाय ठेवत खेकड्यासारखं सरकायचं, मग सरळ वर कपारीकडे. तो कोपऱ्यामागे दिसेनासा झाला. दोर थांबे, चाले… मग बराच वेळ हललाच नाही. ती कान देऊन उभी राहिली. मग हाक आली, "ये!"

ती सरकत निघाली. पायाखाली नुसती हवा, आणि त्या हवेत एक घार तिच्याखालून चाललेली! अवघड पाऊल आलं. इथे निसटलं तर मागच्या माणसाचा झोपाळा होतो आणि तो समोरच्या भिंतीवर जाऊन आदळतो. तिने पाय टाकला, हात लांबवला… आणि त्या पावलाच्या अगदी लगेच पुढे, फटीत, एक मधल्या मापाचा कॅम बसवलेला, दोर त्यातूनच गेलेला.

इथे? हे पाऊल पार केल्यावर पुढच्याला इथे कॅमचा काय उपयोग? त्याची धास्ती तर मागे राहिली.

मग तिच्या लक्षात आलं. हा त्याच्यासाठी नव्हताच.

तिने कॅम काढला, कमरेला अडकवला आणि वर पाहिलं. वर पुढची फट नेमकी त्याच मापाची, सरळ कपारीपर्यंत. आणि ती रिकामी. त्या मापाचा एकच कॅम त्यांच्याकडे होता. तो तिच्यासाठी मागे ठेवून गडी वर मोकळाच चढून गेला होता.

कपारीवर पोचताच तिने कॅम त्याच्या नाकापुढे धरला. "हा तिथे का ठेवलास?"

"तू निसटली असतीस तर झोपाळा झाला असता."

"आणि तू पडला असतास तर?"

"मी नाही पडलो."

"मूर्ख आहेस!"

"आहे," तो शांतपणे म्हणाला. कानाच्या पाळ्या मात्र लाल.

वाऱ्याने तिचे केस तोंडावर आणले. ते बाजूला करायला त्याचा हात उठला, अर्ध्यात थांबला, आणि… सँडविचच्या पिशवीत गेला. बाहेर आला तेव्हा हातात सँडविच नव्हतं. निळ्या चिंधीचा मोठा कॅम होता.

"सकाळी दादांनी दिला. म्हणाले, वर गेल्यावर दे. खाली दिलास तर ती रडेल आणि चढणार नाही."

ती चिंधीकडे बघत राहिली. मग नाक पुसलं, कॅम कमरेला लावला.

"दोर धर."

"तू पुढे?"

"दात माझं खातं आहे!"

आणि ती सुटली. मुठी फटीत कोंबल्या, पाय पिळून रुतवले, पोटऱ्या शिलाई मशीनसारख्या थरथरल्या. ऐन रुंद जागी मोठा कॅम आत सारला. तो खट्ट करून बसला, जसं काही दादाच शेजारी उभा राहून 'आता जा' म्हणाला. ती गेली. दगड संपला! हाताला गवत लागलं, तोंडावर ऊन आलं, आणि ती एवढ्याने ओरडली की खाली मोटारीचा हॉर्न वाजायला लागला. दादाच तो.

तो वर आला तेव्हा निळी चिंधी त्याच्या कमरेला हलत होती. दोघं सुळ्याच्या टोकावर गुडघ्याला गुडघा लावून बसली, कारण तिथे जागाच तेवढी. त्याने हात पुढे केला. या खेपेला केस बाजूला झाले.

वॉकीटॉकी खरखरली. "काय गं, पोचला का बदली गडी?"

"पोचला." तिने बटण सोडलं नाही. "दादा… तू आता कधीच चढणार नाहीस ना रे?"

तिने बटण सोडलं. खाली खुर्चीतला ठिपका हलला नाही.

"नाही गं, चिमणे," दादा म्हणाला. "गुडघा गेला तो गेला. डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही सगळे इतक्या मायेने खोटं बोलत होता की मलाच मोडवेना." मग घसा साफ करून, "आता माझी जागा रिकामी झाली. विचार त्याला, बदलीवरच राहायचंय की कायम व्हायचंय?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्या हातातली वॉकीटॉकी काढून घेतली नाही. तिच्या बोटांवर बोटं ठेवून बटण दाबलं.

"दादा, मला ती आवडते," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. त्या दगडामागून ती पुढे आली ना… तेव्हापासून."