ज्याची गाडी त्याची बोटं

वाडीच्या बाबारावांच्या सुनेला जुळं झालं, ते साल १९७४. दोन्ही पोरगे. एक दिवसा रडायचा, दुसरा रात्री, आणि दोघांनी एकदम झोपायचं नाही असा जणू त्यांचा आपसांत ठराव झाला होता. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, बायको आणि सून थकून आडव्या, म्हणून रात्रभर नातू खांद्यावर घेऊन येरझारा घालायचं काम बाबारावांच्या वाट्याला आलं. त्याची भरपाई ते दिवसा करत. अमरावती रोडवरच्या आपल्या कमानीच्या दुकानात खुर्चीत बसायचे आणि घोरायचे. गिऱ्हाइकाशी बोलायला मग धाकटी मुलगी प्रेमिला बसू लागली.

कमानी म्हणजे गाडीच्या खाली, चाकाच्या वर, लोखंडी पाट्यांचा जो बाक असतो तो. सगळ्या गाडीचं ओझं त्याच्यावर. प्रेमिला हे सगळं रांगत्या वयापासून पाहत आली होती. भट्टीचा धूर तिला घरच्या चुलीसारखाच ओळखीचा.

भाद्रपदातली दुपार होती. झिमझिम चालली होती. एक जुनी जीप खडखडत दारात येऊन थांबली. मिलिटरीनं वापरून लिलावात काढलेली, चारही चाकांना जोर असणारी. चिखलानं अशी माखलेली की मूळचा रंग कोणता ते देवच जाणे. आणि पोटाखाली मुळासकट उपटलेलं तुरीचं झाड अडकलेलं.

"नांगर म्हून वापरता काय जी गाडी?" प्रेमिलानं विचारलं.

उतरलेला तरुण वाकला, तूर पाहिली आणि कानापर्यंत लाल झाला. उंच, हाडापेरानं मोठा, केसांतून पाणी निथळतंय.

"नाई ताई. बैलबंड्यांच्या चाकोरीत जाते, अन् मधात पोट टेकते तिचं. मिरचीच्या वावरात जायाची वाटच तशी. उंच करून पायजे गाडी."

"गाव?"

"भिवापूर. मी मधुकर."

'ताई' तिला काही आवडलं नाही. का नाही, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

"चार उपाय आहेत," ती म्हणाली. "एक तं जास्तीचा पाटा टाकाचा. लवकर होते. पन गाडी इतकी कडक होते का खड्ड्यात तुमी वर अन् सीट खाली."

"बाप्पा! अन् दुसरा?"

"कमानीले लोखंडाचा गुटका लावाचा. उंची भेटते, पन वळणावर झुलते. नवी सून डोक्यावर पान्यानं भरलेला गुंड घेऊन निंघाल्यावानी."

तो हसला. हसताना मान खाली घालत होता.

"तिसरा, कमानीच्या कड्या लांब कराच्या. मंग स्टेअरिंग आयकत नाई. तुमी म्हनान भिवापूर, थे म्हनते भंडारा."

"अन् चौथा?"

"पाटे भट्टीत तापवून त्याईले नवा बाक द्याचा. सगळ्यात चांगलं थेच. पन वेळ लागते."

"किती?"

"गिऱ्हाईक किती घाई करते त्याच्यावर आहे."

"मले... घाई नाई," तो म्हणाला आणि वर पाहिलं. बस, एवढंच. पण त्या एका पाहण्यात प्रेमिलाच्या हातातला पाना खाली पडला आणि बाबाराव दचकून जागे झाले.

"कोनता उठला गा? लहाना का मोठा?" त्यांनी विचारलं आणि पुन्हा झोपले.

"तुमी असत्या तं काय निवडलं असतं?" मधुकरनं हळूच विचारलं.

"माही गाडी असती तं सांगतलं असतं."

"हाव... थे बी आहे," तो म्हणाला. "विचार करून सांगतो."

त्यानं विचार करायला घेतला तो असा, की आठवडा गेला की जीप दारात. कधी म्हणे पाटा टाकावा काय, कधी म्हणे गुटक्याचं जरा पुन्हा सांगा. एकदा म्हणाला, "थे भंडाऱ्याचं काय होतं? आयकाचं राहिलं." तिनं पुन्हा सांगितलं, तो पुन्हा हसला. एकदा घरच्या मिरच्यांची पिशवी घेऊन आला. नमुना म्हणून. प्रेमिलानं पिशवी उघडली आणि झोपेतल्या बाबारावांना अशा शिंका सुटल्या की शेजारच्या गोदामातले हमाल पाहायला आले.

"तिखट आहे," प्रेमिला डोळे पुसत म्हणाली.

"आमच्याकडचे लोक गोड आहेत पन," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून एकदम गाडीखाली शिरला. खाली पाहण्यासारखं काहीच नव्हतं. बराच वेळ पाहत राहिला.

तोवर 'ताई' हळूहळू गळाली होती. तो 'ता...' म्हणून सुरू करायचा आणि गिळायचा. रुपराव मिस्त्री, बाबारावांच्या बरोबरीनं घण मारत म्हातारा झालेला माणूस, भाता हलवता हलवता म्हणाला, "पोरी, या पोट्ट्याची कमानी पक्की आहे वं. दुसरंच कायतरी ढिलं झालं त्याचं."

"काका, तुमी घण मारा ना!"

पण मनात तिला गोड वाटलं.

मग एक दिवस बाबारावांनी जेवताना सांगितलं, खापरखेड्याचं स्थळ आलंय. मुलगा पॉवर हाउसमध्ये पक्का, कॉलनीत क्वार्टर, क्वार्टरमध्ये पंखा. येत्या रविवारी दुपारी पाहायला येणार. आई म्हणाली, सोन्यासारखं स्थळ. प्रेमिलानं हातातला घास ताटात परत ठेवला. वाडीत चांगलं स्थळ सारखं सारखं चालून येत नव्हतं. मुलानं पसंत केलं असतं तर नाही म्हणायला तिच्याजवळ काय कारण होतं? भिवापूरचा एक माणूस महिनाभर कमानी निवडतोय, हे काही कारण नव्हे. ज्याला चार उपायांतला एक निवडता येत नाही, तो बायको कधी निवडेल?

मंगळवारी तो आला. पाऊस चालूच होता, टिनावर ताशा वाजवल्यासारखा.

"रविवारी दुकान बंद आहे," ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "पाहुने येऊन राहिले."

"कोनते पाहुने?"

"खापरखेड्याचे. मले पाहाले."

पावसाचं पाणी त्याच्या कोपरावरून टपकत होतं. ती वाट पाहत राहिली. बोल ना बाबा, आता तरी... त्याचे ओठ हलले. एकदा मिटले. पुन्हा हलले.

"मंग असं करा," तो म्हणाला, "गाडी शनवारी द्या मले. काहीबी करून. चौथाच उपाय. चार बोटं उंच."

प्रेमिलाला वाटलं घण उचलावा. महिनाभर ज्याला निवडता आलं नाही, त्यानं एका दमात निवडलं, आणि निवडलं काय, तर कमानी!

बाबारावांच्या दुकानाचा एक नेम होता. ते फूटपट्टी वापरत नसत. त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, तेव्हापासूनची चाल: ज्याची गाडी, त्याची बोटं. मालकाला त्याच्या हातानं आपल्या गाडीची उंची सांगता आली पाहिजे, म्हणजे मागून कुरकुर नाही. रुपरावानं जुन्या उंचीवर खडूची रेघ मारली, मधुकरनं तिच्यावर आपली चार जाडजूड बोटं आडवी ठेवली, वर नवी रेघ पडली. पुढं तशी, मागं तशी. गाडी ठेवून तो बसनं गावाला गेला.

पुढच्या कमान्या रेघेबरहुकूम झाल्या. शुक्रवारी मागच्यांना हात घालावा तो रात्रीच्या पावसात टिन गळून मागची वरची रेघ धुऊन गेलेली.

"आता?" रुपराव डोकं खाजवत म्हणाला. "मालक तं भिवापुरात. बाबारावाले उठवू?"

बाबाराव आदल्या रात्री दोन्ही नातू दोन्ही खांद्यांवर घेऊन फिरले होते. त्यांना उठवणं म्हणजे पाप. पुढची रेघ शाबूत होती. दोरी लावून तेवढंच माप मागं घेता आलं असतं. प्रेमिलाला ते पक्कं ठाऊक होतं. पण डोकं तापलेलं, आणि परवा रविवार.

"माही घ्या," तिनं हात पुढं केला.

"तुही? ज्याची गाडी..."

"घ्या म्हनते ना काका!"

रागानं तिनं बोटं घट्ट आवळून ठेवली. रुपरावानं त्या बोटांकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसत रेघ मारली.

शनिवारी दुपारी मधुकर आला. जीप अंगणात उभी होती. पुढून उंच, मागून ठेंगणी. म्हैस बांधावर चढताना मध्येच थांबून विचार करावा, तशी. तो एका बाजूनं फिरला, दुसऱ्या बाजूनं फिरला.

"हे... अशी काहून दिसून राहिली?"

तो मागच्या रेघेपाशी वाकला, आपली बोटं लावून पाहिली. अंगठ्याजवळचं बोट रेघेच्या वर निघत होतं.

"हे माही बोटं नाईत. कोनाची आहेत?"

तेवढ्यात बाबाराव जागे झाले आणि खुर्चीतूनच गरजले, "आपल्या दुकानात एकच नेम! ज्याची गाडी त्याची बोटं!"

प्रेमिला पदराशी चाळा करत होती, आणि एरवी दुकानात तो पदर कमरेला खोचलेलाच असायचा. मधुकर तिच्यापाशी आला. "हात दाखवा," म्हणाला. तिनं दाखवला. त्यानं आपला पंजा तिच्या हातासमोर धरला, लावला नाही, मध्ये कागदाएवढी फट ठेवली. पण तिला भट्टीपाशी उभं राहिल्यासारखं झालं.

"बाबाराव," तो न वळता म्हणाला, "तुमच्या नेमानं तं मागची अर्धी गाडी याईची झाली."

"कोनाची?"

"याईची," त्यानं प्रेमिलाकडे बोट दाखवलं. "मंग मी अर्धीच गाडी भिवापूरले कशी नेऊ?"

"चुकलं असन तं नव्या कमान्या करून देतो ना गा!" बाबाराव डोळे चोळत म्हणाले.

"मालक," रुपराव म्हणाला, "थो कमान्या नाई मांगून राहिला."

बाबाराव एवढे जागे त्या महिन्यात पहिल्यांदाच झाले असतील. "उद्या खापरखेड्याचे पाहुने येऊन राहिले," ते म्हणाले. "मी शब्द देला. अन् असं अंगनात उभं राहून पोरगी मांगत नसते कोनी. तुये मायबाप कुठी आहेत?"

"माय आहे. तिलेच आनाले तं गाडी शनवारी मांगतली," मधुकर म्हणाला. "वावरातल्या घरून तिले सडकेपर्यंत आनाले दुसरं कायबी चालत नाई. चिखल कमरेपर्यंत आहे."

प्रेमिलाचा सगळा राग एकदम कुठं गेला, तिला सापडेना. "आधी सांगाले काय झालं होतं?" ती पुटपुटली.

"तोंडापर्यंत आलं होतं. पन तुमी पावसाकडे पाहून राहिल्या होत्या..."

"जा ना मंग आता! उभे काहून?"

तो गेला. वाकडी जीप अमरावती रोडवरून आभाळाकडे तोंड करून निघाली, आणि ट्रकवाले वळून वळून पाहत राहिले.

रविवारी सकाळी ती परत आली. आतून रुखमाबाई उतरल्या, मधुकरची आई. मान धरून. "माय वं! अख्ख्या वाटेनं मी आभायच पायलं," त्या म्हणाल्या. "एकबी गाव दिसलं नाई मले."

घरात दोन्ही पोरं एकदम रडत होती. रुखमाबाईंनी बोलणी-बिलणी बाजूला ठेवली, एकाला मांडीवर पालथं घातलं, दुसऱ्याला बगलेत धरलं, आणि जात्यावरची कुठली तरी लांबच लांब ओवी नाकातून म्हणायला लागल्या. थोड्या वेळात दोन्ही झोपले. दोन्ही. एकदम. घरात अशी शांतता पसरली की बाबारावांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबाराव भिंतीला टेकले ते तिथंच लवंडले.

दुपारी खापरखेड्याची मंडळी आली तेव्हा त्यांना उठवावं लागलं. त्यांनी पाहुण्यांना पाणी दिलं, पोहे दिले, आणि हात जोडून म्हणाले, "राग नोका मानू. माह्या नेमापायी पोरीचं आधीच जुळलं." मुलाचा काका जरा फुगला. पण बाहेर उभी जीप पाहून त्याला हसू आवरेना, आणि हसल्यावर माणसाला पुन्हा फुगता येत नाही.

लग्न फाल्गुनात झालं, भिवापूरच्या वावरात मिरच्यांचे लाल ढीग वाळत असताना. वरात शिंकत शिंकत निघाली. प्रेमिलाला पुढं दोन मुली आणि एक मुलगा झाला. बाबाराव आठ-पंधरा दिवस राहायला यायचे, आणि आले की नुसते झोपायचे.

मधुकरराव २००८ साली, पौषात, भिवापुरात वारले.